सरांनी गाळलेली पानं

आमच्या शेजारी राहणारे सर निवृत्त हेडमास्तर होते. रोज चार वाजता ते मला इंग्रजी कादंबरी वाचून दाखवायला येत. मला जन्मापासून दिसत नाही. ब्रेलमध्ये जे थोडंफार मिळे ते मी बोटांनी वाची. बाकी सगळं साहित्य माझ्यापर्यंत सरांच्या आवाजात येई. त्यामुळे माझ्या सगळ्या नायिका थोड्याशा हेडमास्तरांसारख्या बोलत.

सर वाचायचे छान. फक्त नायक-नायिका एकटे सापडले की त्यांचा घसा बसायचा. मग म्हणायचे, "इथे त्यांचं जरा बोलणं होतं." लगेच पानं उलटल्याचा आवाज. एक नव्हे, दोन. पुढच्या प्रकरणात बाळ रडत असायचं. मी काही विचारत नसे. घरात पाणी मागतानाही मी मनात वाक्य जुळवून घ्यायची. सरांना हे कुठून विचारणार?

ऐंशी साल उलटून गेल्यावर कधीतरी मुंबईच्या एका संस्थेनं आमच्या घरी एक यंत्र पाठवलं. थोड्याच दिवसांसाठी. शिकवायला एक बाई आल्या. त्यांनाही दिसत नव्हतं, पण द्वारका चौकात उतरून रिक्षावाल्याशी भांडून त्या एकट्या घरी पोचल्या होत्या. यंत्राला वायरनं जोडलेला काडेपेटीएवढा कॅमेरा होता. तो उजव्या हातानं छापील ओळीवरून सरकवायचा. डावं बोट यंत्राच्या खाचेत ठेवायचं. तिथे बारीक बारीक टाचण्या थरथरायच्या आणि कॅमेऱ्यासमोरचं अक्षर बोटाखाली उमटायचं. शाळेत सिस्टरांनी लाकडी अक्षरं हातात देऊन छापील एबीसीडी शिकवली होती, ती आता कामाला आली.

पहिले काही दिवस नुसत्या गुदगुल्या झाल्या. मग गोल, मग दांडी, मग शब्द.

"सावकाश," बाई म्हणायच्या. "कॅमेरा आहे तो, इस्त्री नाही."

शनिवारी यंत्र परत जाणार होतं. मला त्याआधी एकच गोष्ट करायची होती: चालू कादंबरीतली सरांनी गुरुवारी गाळलेली पानं वाचायची. पुस्तक आमच्याकडेच असायचं. सर खूण म्हणून येवल्याच्या एस.टी.चं तिकीट घालून ठेवत. तिथून मागे गेलं की झालं.

शुक्रवारी दुपारी बाई वामकुक्षी घेत होत्या. पुस्तक उघडं राहीना, म्हणून आईकडे बत्ता मागितला.

"पुस्तक कुटायचंय का?"

"अभ्यास आहे."

यंत्र सुरू केलं की डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज यायचा. चोरून वाचायला याहून वाईट साधन नसेल. नायिका हातात दिवा घेऊन जिना चढत होती. नायक मागून येत होता. तो तिच्या कानाशी वाकला, आणि माझा हात घसरून कॅमेरा खालच्या ओळीवर गेला. तिथे बाहेर बांधलेल्या घोड्याला कुणी दाण्याची चंदी घालत होतं. त्यामुळे नायकानं तिचा हात हातात घेतला आणि तिला चंदी घातली. मी तोंडावर ओढणी दाबून हसले.

ओळीखाली पट्टी ठेवून पुन्हा सुरुवात केली. आता घोडा गेला. पण वेग असा, की त्याचा हात तिच्या खांद्यापर्यंत पोचेस्तोवर शेजारच्या नळाला पाणी येऊन गेलं. इतक्या सावकाश कुणी कुणावर प्रेम केलं नसेल. मला मात्र घाई नव्हती. प्रत्येक शब्द माझ्या बोटाखाली पहिल्यांदा उमटत होता, आणि मध्ये कुणाचाही आवाज नव्हता.

आणि चार वाजले.

"काय गं, कुठवर आलो होतो आपण?" सर खुर्ची ओढत म्हणाले.

माझे कान तापले. यंत्र बंद करून "तिकिटापाशी" म्हणणं सोपं होतं. पण उद्या यंत्र जाणार होतं.

"सर, थोडं थांबाल? ते अजून जिन्यात आहेत."

आतून आई म्हणाली, "कोण जिन्यात आहे? वर बोलव की!"

मी ओढणीचं टोक मुठीत धरून बसले. मग खुर्ची कुरकुरली. ते टेकून बसले असावेत.

"वहिनी, चहा टाका," ते म्हणाले. "वेळ लागेल."

मी पुन्हा खाचेत बोट घातलं. चहा आला. बशीत कप वाजला. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "कितवी पायरी?"

"वरची. खोलीचं दार आलं."

"दिवा तिच्याच हातात आहे?"

"हो."

"मग आता तो फुंकर…"

"सर! सांगू नका ना!"

इतक्या मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. बाई बाजूच्या खोलीत जाग्या झाल्या.

"बरं बाई, राहिलं," सर म्हणाले. "वाच तू."

मी पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवली. दिवा एकेका अक्षरानं विझत होता, आणि सर चहा गार करत बसून राहिले.