आल्याचं विरजण

लग्न होऊन मी दौंडला आले तेव्हा आमच्या शेजारी एक आंटी राहायच्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक ऑस्ट्रेलियात. आंटींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालायला कोणी नव्हतं, म्हणून महिनाभर मी दिवसातून चारदा त्यांच्याकडे जायचे. त्या महिन्यात त्यांनी मला जिंजर बियर करायला शिकवलं.

त्यांच्या घरी नाताळाला ती लहान पोरंसुद्धा प्यायची. आलं, साखर, लिंबू आणि पाणी. सगळी करामत होती ती काचेच्या बरणीतल्या गढूळ पाण्यात. दह्याला विरजण लागतं तसं ते आल्याचं विरजण, आंटींनी कित्येक वर्षं जिवंत ठेवलेलं. लेकीकडे कायमच्या निघाल्या तेव्हा त्यातलं वाटीभर माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "रोज इसको एक चमचा साखर, एक चमचा आलं. भूल गयी तो मरेल हं."

माझे मिस्टर कुरकुंभला केमिकल कंपनीत पाळीवर होते. मे महिन्यात एकदा मी त्यांच्याबरोबर थंडगार जिंजर बियरचा कॅन दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पाळीतल्या लोकांनी धुतलेल्या रिकाम्या बाटल्याच पाठवून दिल्या. दोन उन्हाळे असे गेले आणि स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. माझं अक्षर बरं, म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहायचे. स्वच्छ मराठीत, जिंजर बियर.

तिथंच घोटाळा झाला.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या रेल्वेच्या दवाखान्यात आया होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, बाटल्यांत आल्याचं सरबत आहे असंच त्या धरून होत्या. संध्याकाळी विहारात पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या पुढे असे. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला होता. वस्तीतला गुत्ता बंद पाडायला ज्या बायका गेल्या, त्यांत आत्या पहिल्या. एके दिवशी विहारात कुणीतरी माझी बाटली त्यांच्यासमोर धरली आणि चिठ्ठी वाचून दाखवली.

घरी येऊन त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. भरलेल्या बाटल्या एकेक करून अंगणात नेऊन ठेवल्या. मग पायरीवर बसून म्हणाल्या, "नशापाण्यापासून लांब ऱ्हायचं पाचवं शील मी रोज समद्या बायकांम्होरं म्हंते. आन् माझ्याच घरात बियर?"

मी म्हटलं, नावच तेवढं बियर आहे, यात नशा नाही.

"कुणी सांगितलं?"

आंटींनी सांगितलं होतं आणि मी मानलं होतं. दुपारी उन्हात ठेवलेल्या बाटल्यांपैकी दोन फाडकन फुटल्या. आत काय चाललंय ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

यात नशा आहे की नाही ते तपासून आणा, म्हणून मी मिस्टरांच्या मागे लागले. कंपनीतल्या एका केमिस्टच्या ओळखीनं पुण्यातल्या लॅबमध्ये दोन बाटल्या पाठवल्या. एक आदल्या दिवशी भरलेली, एक उन्हाळ्यात आठवडाभर बाहेर राहिलेली. लॅबचे दोन कागद आले. ताज्या बाटलीत अल्कोहोल नसल्यातच जमा होतं. आठवड्याच्या बाटलीत होतं, आणि चांगलं होतं.

मिस्टर म्हणाले, ताज्याचा तेवढा कागद आईला दाखव. तो मोह मलाही झाला. पण ज्या बाईनं भाऊ गमावला तिच्यापासून हे लपवून मी त्याच घरात भाकरी कशी थापणार होते? दोन्ही कागद मी आत्यांपुढे ठेवले आणि वाचून दाखवले. बरणी ओतून द्यायची मनाची तयारी केली होती.

आत्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं. मग विचारलं, "म्हंजी पहिल्या दिसाला काय न्हाई त्यात?"

"नसल्यासारखंच."

"मग दुसरा दिस उजाडू दिऊ नको."

त्या एका वाक्यावर आमचा धंदा उभा राहिला. केमिस्टनंच उपाय सांगितला. बाटली भरली, बूच बसवलं, दिवसभरात आत गॅस धरला, की ती गरम पाण्याच्या पातेल्यात इतका वेळ ठेवायची की आंबणं तिथंच थांबावं. अंदाज येईपर्यंत पुष्कळ बाटल्या तडकल्या. चिठ्ठीवरचं बियर गेलं. काय लिहू, असं विचारलं तर आत्या म्हणाल्या, हाय ते लिव्ह. म्हणून 'आल्याचं पेय'. शिवाय प्रत्येक नव्या घाण्यातली एक बाटली लॅबला जाऊ लागली आणि तिचा कागद आत्या स्वतः विहारात घेऊन जाऊ लागल्या.

एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघाली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. विहाराच्या दारात आम्ही बर्फाची टिपाडं ठेवली. बायका लांब उभ्या होत्या, हात कुणी पुढे करीना. आत्यांनी बाटली उघडली, सगळ्यांच्या देखत अर्धी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि नाकातून गॅस आला म्हणून स्वतःच हसल्या. तासाभरात टिपाडं रिकामी झाली.

दुसऱ्या वर्षी कुरकुंभ रस्त्याला पत्र्याची शेड घेतली. परवान्यासाठी हेलपाटे झाले, पण मिळाला. वस्तीतल्या दोन बायका कामाला आल्या, पुढे सात झाल्या. त्यांतल्या दोघींचे नवरे पिणारे. त्या आधी बाटली हुंगून बघायच्या, मगच हात लावायच्या. कंपन्यांची कँटीनं आमची बाटली ठेवू लागली, मग भांडगावच्या हायवेवरचे ढाबे. पुण्याचा एक जण गाडी घेऊन आला होता. लायसन काढू, खरीखुरी बियर करू, शहरात आता तिला मागणी येणार, म्हणाला. माणूस बोलत होता ते खोटं नव्हतं. मी त्याला चहा दिला आणि शेड दाखवली. तो गेल्यावर सातही जणींनी मला विचारलं, तुम्ही त्याला काय सांगितलं? मी म्हटलं, आपल्याला आलं पुरेसं आहे.

शिरूरहून पहिली मोठी ऑर्डर आली त्या दिवशी टेम्पो भरायला आत्याही आल्या. खोकी मोजता मोजता ड्रायव्हरला बजावत होत्या, खड्ड्यांतून सावकाश न्या मामा, आत आमचा जीव हाय.