एक रिंग देऊन कट

दाढ ठणकत असताना तुम्ही कधी मोबाईलवर दवाखाना शोधला आहे का? शोधला असेल, तर तुमचा एक हात गालावर होता, डोळ्यांत पाणी होतं आणि सगळी भिस्त उरलेल्या एका अंगठ्यावर होती. निपाणीच्या दातांच्या आक्का हे कधी विसरल्या नाहीत. मी केलेलं वेबसाइटचं प्रत्येक पान त्या डावा हात गालावर दाबून, डोळे अर्धे मिटून तपासायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, यांचाच दात दुखतोय. "दुखत न्हाय गं," त्या म्हणाल्या, "पण दुखणाऱ्यागत धरल्याशिवाय मला कळायचं कसं?"

आक्का शिकलेल्या दंतवैद्य होत्या, पण त्यांना कुणी डॉक्टर म्हणत नसे. तंबाखूच्या वखारीत चाळायला बसणाऱ्या बाया, घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, सगळ्यांच्या त्या आक्काच. या बाया सकाळी दातांना भाजक्या तंबाखूची मिश्री लावतात आणि हिरडी दुखली की आणखी लावतात, कारण तिनं जरा बधिर वाटतं. पदर तोंडावर धरूनच त्या आत यायच्या. "पदर काढ. मला तुझं तोंड बघायचंय, लुगडं न्हाय," आक्का म्हणायच्या, आणि बाई हसली की त्या हसण्यातच बॅटरीचा उजेड आत टाकायच्या.

मी बेळगावात वेबसाइट बनवते. घर कंग्राळीचं. आमच्याकडे वडिलांच्या सीमाप्रश्नाच्या पत्रकांचे गठ्ठे इतके असत, की मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. आक्कांनी मला बोलावून घेतलं ते हौसाबाईच्या प्रकरणानंतर.

हौसाबाई जवळच्या गावातली, वखारीत चाळायला जाणारी. गालाच्या आत पांढरा चट्टा उठला होता, पुसून जात नव्हता. खाडा करून निपाणीत यायचं आणि डॉक्टर नसले तर? म्हणून आधी फोन करायचा, ही इथली रीत. सुनेनं आपल्या मोबाईलवर दवाखान्याचं पान उघडलं. ते जुनं पान एका कंपनीनं केलेलं, मोठ्या पडद्यावर फार देखणं. मोबाईलवर मात्र आधी पांढऱ्याशुभ्र दातांची कुणी परदेशी बाई उतरायची, ती उतरेपर्यंत चक्र फिरत राहायचं. मग एक चौकट वर यायची आणि इंग्रजीत नाव आणि ईमेल विचारायची. फोन नंबर नेमका त्या चौकटीखाली गाडलेला. सुनेकडे ईमेल नव्हता. ईमेल नसलेल्यांना इथं घेत नाहीत, असं सासू-सुनेनं ठरवलं आणि फोन ठेवून दिला. हौसाबाईनं मिश्री वाढवली.

ती आली तेव्हा पावसाळा उलटला होता. तोंड बोटभर उघडत होतं. आक्कांनी तिला स्वतःच्या गाडीत घालून बेळगावच्या मोठ्या इस्पितळात नेलं. कॅन्सर निघाला, आणि उशीर झाला होता. काही महिन्यांत हौसाबाई गेली.

"मी तिला परत पाठवलं न्हाय," आक्का मला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या पानानं पाठवलं. मग ते पान कुणाचं?"

मी कामाला लागले. जड चित्रं काढली, चौकट काढली. तरी पहिलं पान बघून आक्कांनी गालावरचा हात खाली घेतला. "हे तुझ्या बाच्या पत्रकासारखं झालंय. सगळं खरं हाय, पण ठणका लागल्यावर एवढं वाचतंय कोण?" मग आमचं भांडण झालं ते भाषेवरून. मराठी वर हवी, तत्त्वाचा प्रश्न आहे, असं मी म्हटलं. कन्नड बोलणाऱ्या बायाही त्यांच्याकडे येत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "वर नंबर ठेव. आकड्यांवर अजून कुणी मोर्चा काढलेला न्हाय. त्याच्या खाली तुमचं भांडण निवांत चालू दे." मी नंबर वर ठेवला. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच हिरवी पट्टी केली, कारण तंबाखूत घासून गुळगुळीत झालेल्या अंगठ्याला बारीक बटण सापडत नाही. खाली दोन्ही भाषा शेजारी शेजारी.

पान चाललं, आणि मिस्ड कॉल सुरू झाले. बाया पट्टी दाबायच्या, एक रिंग द्यायच्या आणि कट करायच्या. फोनला पैसे पडत नाहीत आता, पण सवय जुनी. शिवाय मोठ्या माणसाशी आपण होऊन बोलायचं म्हणजे संकोच. हे कॉल आपोआप गाळून टाकायची सोय आहे, असं मी आक्कांना सांगितलं. "गाळून?" त्या म्हणाल्या. "अगं, ती हाक हाय."

संध्याकाळी खुर्ची रिकामी झाली की त्या चहाचा पेला घेऊन पायरीवर बसायच्या आणि एकेका नंबरला उलटा फोन लावायच्या. मी शेजारी बसून ऐकलंय.

"कोण गं? आकोळची? दोन बोटं जातात का तोंडात? घालून बघ, मी थांबते. मिश्री लावतीस न्हवं? खोटं बोलू नको, मला फोनवरनं वास येतोय. उद्या ये. व्हय, उद्याच. नवऱ्याला दे फोन."

मग नवऱ्याची खरडपट्टी. पान सुरू झाल्यानंतरच्या एका वर्षात चट्टा कोवळा असताना पोचलेल्या बाया मी त्यांच्या खुर्चीत पाहिल्या आहेत. त्या आज वखारीत बसून एकमेकींची टिंगल करतात. हौसाबाई त्यांच्यात असायला हवी होती.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. हृदय थांबलं, दुपारच्या जेवणाआधी. दवाखाना एका तरुण डॉक्टरांनी घेतला, नंबरही तोच ठेवला. माणूस वाईट नाही, हात चांगला आहे. त्यांनी पान नवं करून घेतलं. मी ते मोबाईलवर उघडून पाहिलं, खोट काढायच्याच इराद्यानं. झटकन उघडतं. पट्टी आहे, मराठी आहे, कन्नड आहे. मी त्यांना भेटून मिस्ड कॉलचं विचारलं.

"ते किती येतात, मॅडम," ते म्हणाले. "खरी गरज असेल तर परत लावतील की."

मी हौसाबाईचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, वाईट वाटलं म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. काउंटरवर फोन एकदा वाजला आणि थांबला. तिथल्या मुलीनं वर पाहिलंसुद्धा नाही.

परत लावत नाहीत हो त्या. एकदा हाक मारतात, ओ आली नाही की आपलीच काही चूक झाली असं धरून चालतात. हे ज्यांना कळत नाही, त्यांनी कितीही चपळ पानं बनवली तरी पलीकडे माणूस नसतो. आणि ही ओ द्यायला दुसरी आक्का येईल, अशी वाट बघत बसायला मी तयार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात, शेजारात, आत्याकडे, मामीकडे मिश्री लावणारी बाई असेलच. आज तिला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा, गालाच्या आत, जिभेखाली बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला, न भरणारी जखम दिसली, दोन बोटं आत जाईनाशी झाली, तर तिच्या हातात फोन देऊ नका. तुम्ही लावा, आणि कुणी उचलेपर्यंत वाजू द्या. नाहीच उचलला, तर तिला घेऊन थेट दवाखान्याच्या दारात जाऊन उभे राहा.