डब्यातलं जवस

सोलापुरात आमच्या चाळीमागे, भिंत आणि गटाराच्या मध्ये खाटेएवढी जमीन होती. तिथं आई जवस लावायची. लावायची म्हणजे काय, दिवाळी सरली की मूठभर बी भिरकावून द्यायची आणि विसरून जायची. खत नाही, खुरपणं नाही. नळाला पाणी येवो न येवो, जवसाचं काही अडत नसे. संक्रांतीच्या सुमारास सकाळी उन्हं वर आली की निळी फुलं उघडत आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून खाली पडत.

आई अक्कलकोटकडची, कानडी बोलणाऱ्या घरातली. जवसाला ती अगसी म्हणायची. माहेरी ज्वारीच्या कडेनं त्याच्या ओळी असत. चहाची बशी घेऊन ती त्या फुलांसमोर बसली की तिला हाक मारायची आमची टाप नसे. तेवढा वेळ ती आमची नसायचीच. मला त्या फुलांचा रागच यायचा.

बहात्तरच्या दुष्काळात तिथं काहीच उगवलं नाही. माहेरूनही बी आलं नाही. आई सवयीनं मागच्या दारात जायची आणि कोरडी माती बघून परत यायची. वडील गिरणीत कामाला. बोलत कमी, पण त्यांना सगळं दिसत होतं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर आई मला घेऊन माहेरी गेली. परत आलो तर वडील दारातच उभे, नव्या नवरदेवासारखे हसत.

"मागं जाऊन बघ की. जवस पेरलंय."

"बी कुटनं आनलं?" आईनं विचारलं.

"फळीवरच्या डब्यातलं. रोज पानी घालतोय."

डब्यातलं ते जवस आईनं निघण्याआधी चटणीसाठी खमंग भाजून ठेवलं होतं. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणाऱ्या माणसाला ते कुठून कळणार? मला हसू फुटणार, तोच आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "लई चांगलं केलंत," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी वडील पाळीवर गेल्यावर, माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आणलेलं बी तिनं त्याच मातीत विखरून टाकलं.

आठवडाभरात कोंब दिसले. "माझ्या हातचं हाय," वडील चाळभर सांगत सुटले. आई मान डोलवायची. त्या संक्रांतीच्या सुट्टीला दोघं फुलांसमोर शेजारी बसून चहा प्यायली. मी मागे उभी होते. ती सकाळ मला अजून परत हवी आहे, दुसरं काही नको.

पुढे कितीतरी वर्षांनी आई वारली. त्या दिवाळीनंतर मी वडिलांकडे गेले, तर ते मागच्या दारात बसलेले. पुढ्यातली माती ओली आणि रिकामी. आत फळीवर जवसाचा डबा उपडा पडला होता. त्यातलं जवस आईनं जाण्याआधी भाजून ठेवलं होतं. चटणी कुटायची तेवढी राहून गेली होती.

"तवा माझ्या हातानं उगवलं होतं की," वडील म्हणाले. "आता का येत न्हाय?"

मला दंडावरचा आईचा तो चिमटा आठवला.

"आई नाही ना आता," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तांब्यातलं उरलेलं पाणी मातीवर ओतलं. मी काही खोटं बोलले नव्हते. ती असती तर उगवलं असतं.