पोळपाटाच्या आवाजाचं काय करू?

मालकाला घर भाड्याने द्यायचंय आणि वर मलाच विचारतो, "बाई, तुम्ही पोळपाट वाजवता का?" अहो, पोळपाट काय तबला आहे वाजवायला?

आज सकाळी बिबवेवाडीहून दोन बस बदलून लोणी काळभोरला गेले होते, वन बीएचके बघायला. मी डब्याच्या पोळ्या करते, पहाटे पाचला सुरू. आमची बिल्डिंग पाडणार आहेत, महिनाअखेर जागा सोडायचीय. तिथली जागा छान होती, ओटाही मोठा. पण मालक म्हणाला, "खाली आवाज जातो. पोळ्या करणार असाल तर नको."

येताना बसमध्ये आमच्या घरमालकीणबाई आठवल्या. त्या खाली, मी वर, एकोणीस वर्षं. राहायला गेले त्याच आठवड्यात म्हणाल्या, "तुझा पोळपाट वाजला की मी उठून चहा टाकते. घड्याळाचा गजर बंद करून टाकला."

एकदा मी तापाने पडले. पाच वाजून गेले तरी आवाज नाही, म्हणून म्हातारी गुडघे धरत जिना चढून आली. दार बडवत म्हणाली, "काय गं, मेलीस की काय?" मग दोन दिवस मऊ भात तिनेच आणून दिला.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता माझा आवाज थांबला तर वर कोण येणार?

लोणीत कोणाची जागा असेल तर सांगा. पोळपाट पहाटे वाजणार, हे मालकाच्या कानावर आधीच घाला. "बघतो", "कळवतो" नको. हो की नाही, रविवारपर्यंत सांगा.