टकळी वन्संची, कौतुक माझं

आमच्या घरातल्या पुरुषांची जानवी घरच्याच सुताची असत, आणि ते सूत सवाष्णीनं काढलेलं असावं असा मामंजींचा दंडक. मामंजी गंगेच्या शिंदे घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगत. आमचं बिऱ्हाड संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. सासूबाईंच्या बोटांना कंप सुटला आणि टकळी माझ्याकडे आली. काडीच्या बुडाशी पितळेची चकती. ती भोवऱ्यासारखी फिरवायची नि वर कापसाच्या पेळूतून धागा ओढायचा. सांगायला एवढंच. माझा धागा इथं केसासारखा, तर पुढं शेवईसारखा, मध्येच गाठ. त्यात एक पोर कडेवर, एक पदराला.

जीव माझा अडकला होता लोकरीत. थोरल्याच्या बाळंतपणात इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईनं दोन सुया हातात देऊन टाके शिकवले, तेव्हापासून चटकच लागली. चुलीवर भात करपत असला तरी "एवढी ओळ होऊ दे" म्हणणारी मी. जाडा, म्हणजे इकडची थंडी, सुरू झाला की आमच्याकडे पोरं उबदार आणि भात काळा.

वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, चौदाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. केस काढलेले, अंगावर लाल आलवण, मागच्या कोठरीत मुक्काम. विधवेच्या हातचं सूत जानव्याला चालत नाही, म्हणून ती काढी ते गोधड्या शिवायला जाई. आणि असं सूत, की गोधडीत घालताना सुईला लाज वाटावी.

एका दुपारी मीच पेळूची टोपली तिच्यापुढं सरकवली. "वन्सं, एवढं काढून द्या ना. स्वेटरच्या बाह्या राहिल्यात."

"आईला कळलं तर?"

"कळलं तर मी सांगेन की, मीच मागितलं म्हणून."

ती हसली. त्या कोठरीत तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

चार वर्षं घरचे सगळे पुरुष तिचं सूत गळ्यात घालून संध्या करत होते. देव कोपला नाही. मामंजी सुताचं कौतुक करत, मी मान खाली घालत असे, आणि लोक त्याला विनय म्हणत.

मग थोरल्याची मुंज निघाली. ग्वाल्हेरचे पाहुणे आले. आदल्या दिवशी चौकात सगळे बसलेले असताना मामंजींना उमाळा आला. "सूनबाई, टकळी आणा. पाहू दे यांना, आमच्याकडे सूत कसं निघतं ते!"

आणली. धागा तीनदा तुटला. चौथ्यांदा जे निघालं ते पाहून ग्वाल्हेरच्या मावशी म्हणाल्या, "अगं बाई, सूत काढतेस की जिलबी पाडतेस?"

सगळे हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मुंजीसाठी ठेवलेली सुताची लड उचलली, कोठरीत गेल्या, तिथलं टकळीवरचं अर्धं सूत घेऊन आल्या आणि दोन्ही माझ्यासमोर धरली. "हे सूत कुणाचं?"

वन्सं कोठरीच्या दारात उभी होती. ती आईकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं. "त्याच ठेवत असतील माझ्या टोपलीत."

"हो," वन्सं म्हणाली. "मीच ठेवत होते."

"चार वर्षं बाटवलंस घर! नवऱ्याला खाल्लंस, आता बापाच्या जानव्यावर आलीस?" सासूबाई कडाडल्या.

पुरुष गंगेवर स्नानाला पळाले. वन्संच्या टकळीची काडी बंबात गेली, चकती पोरांना खेळायला मिळाली. ज्या पोराला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं, त्याची मुंज तिनं कडी लावलेल्या दारामागून ऐकली. जानवी त्या दिवशी बाजारातून आणली. ती कुठल्या विधवेनं काढलेल्या सुताची आहेत, हे कुणी विचारलं नाही.

मी काय केलं? मी विणलं. दुसरं येतं काय मला! जाडा संपायच्या आत तिच्यासाठी तपकिरी शाल पुरी केली आणि कोठरीत ठेवून आले. शालच बोलेल, असं मनाशी धरलं होतं.

आठ दिवसांनी माझ्या टोपलीत लोकरीचा एक गुंडा आला. शाल टाका न् टाका उसवलेली, लोकर वाफेवर सरळ केलेली, गुंडा असा गोल की त्यावरून बोट फिरवत बसावं. मी तो घेऊन कोठरीच्या दाराशी गेले.

"वन्सं, हे काय?"

"सवाष्णीनं विणलेलं विधवेनं घालू नये, वहिनी. बाटतं." ती वर न पाहता म्हणाली. तिचा अंगठा नि तर्जनी एकमेकांवर फिरत होती. मध्ये धागा नव्हता. "लोकर चांगली आहे. वाया घालवू नकोस."

मी तशी काटकसरी. त्याच लोकरीची धाकट्याला टोपी केली. सगळ्यांनी फार वाखाणली.