डाव्या हातानं दिलेला चहा

परवा टीव्हीवर जुना सिनेमा लागला आणि मला माझा येडेपणा आठवला. तेर गावच्या यात्रेत तंबूतली टॉकीज यायची. पुढं पुरुषांच्या विड्यांचा धूर, म्हणून बायका पडद्यामागं बसायच्या. तिथनं चित्रातलं डावं-उजवं उलटं दिसायचं. एकदा नायिका डाव्या हातानं चहा देताना बघून मला वाटलं, शहरातली रीतच तशी असणार. आठवड्यानं मला बघायला पाहुणे आले. मी ऐटीत डाव्या हातानं कप पुढं केला. आईचा चेहरा उतरला. मुलाच्या आईनं विचारलं, "डावरी हायस का गं?" म्हटलं, "न्हाय, सिनेमातली बाई असंच देती." "लई शहाणी. मीबी पडद्यामागंच बसले व्हते," म्हणत त्यांनी डाव्या हातानंच कप घेतला. त्यांच्याच घरात माझे केस पिकले.