अरबीत दाऊद आधी

गाडी नेली की दाऊदभाई आधी बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटत. "थांबा साहेब, ती काय म्हनते ते ऐकू द्या." मग इंजिनाचं नेमकं दुखणं सांगत. नव्वदच्या दशकात आखातातल्या अल ऐन शहरात, गॅरेजांच्या वस्तीत रत्नागिरीच्या या मिस्त्रीसारखा कान दुसऱ्या कुणाचा नव्हता.

समोरच याकूबभाईंचं गॅरेज. दोघे एकाच गावचे, एकाच उस्तादाकडे शिकलेले. कुठल्याशा गिऱ्हाइकावरून बिनसलं आणि नऊ वर्षं दोघांपैकी कुणी मधला रस्ता ओलांडला नाही. हट्टात दोघेही एकाच माळेचे मणी!

गंमत म्हणजे दाऊदभाई ज्याला त्याला एकच इतिहास ऐकवत. जर्मनीत दोन इंजिनिअरांनी साधारण एकाच वेळी पेट्रोलची गाडी बनवली. गावं फार लांब नव्हती, तरी दोघे जन्मात भेटले नाहीत. त्यांच्या कंपन्या वर्षानुवर्षं झुंजल्या आणि पहिल्या महायुद्धानंतर डबघाईला आल्यावर एक झाल्या. "तवर एक कधीच मेलेला, दुसरा म्हातारा," ते म्हणत. "कंपन्या भेटल्या, साहेब. मानसं ऱ्हायली."

पुढे त्यांचा कान जायला लागला. एकदा माझ्या गाडीची खडखड त्यांना ऐकूच आली नाही. हात नुसता बॉनेटवर राहिला. मला गलबलून आलं, आणि रागही आला. मी कानाशी ओरडलो, "तुम्हीही एक जण मेल्यावरच रस्ता ओलांडणार का?"

गाडी ठेवून मी घरी आलो. आठवड्याने गेलो तर बॉनेटखाली दोन डोकी होती. याकूबभाई ऐकत होते आणि ऐकलेलं दाऊदभाईंच्या कानात ओरडून सांगत होते.

वर्षभरात दोन गॅरेजांचं एक झालं. पाटीवर आधी कुणाचं नाव, यावरून मात्र पुन्हा जुंपली. अखेर दाऊदभाईंनीच तोड काढली. "इंग्लिशमध्ये तू आधी, अरबीत मी. खलास!" अरबी उजवीकडून लिहितात, त्यामुळे दोन्ही ओळींत याकूब डावीकडे आणि दाऊद उजवीकडे आले, ज्याचं अरबी नाव त्याच्याच इंग्लिश नावाखाली.

काही वर्षांनी दाऊदभाई गेले. पाटीचा रंग उडाला होता म्हणून याकूबभाईंनी नवा पेंटर बोलावला. मी तिथेच होतो. काम संपवून तो कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, "भाई, अरबी में नाम उलटा था. मैंने ठीक कर दिया."

याकूबभाईंनी पाटी वाचली.

"मिटा दो," ते म्हणाले. "उलटा नहीं था."

मग माझ्याकडे वळले. "अरबीत दाऊद आधी, साहेब. तसं ठरलंय आमचं."